डोंगरीपासून फलाटापर्यंत : मुंबईतील बेघर मुलांसाठीच्या सेवांचा मागोवा

मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी पहिली मोठी संस्था १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिली. भटकणाऱ्या किंवा किरकोळ चोरीत सापडलेल्या मुलाला प्रौढ कैद्यांसोबत तुरुंगात डांबू नये, त्याला सुतारकामासारखा एखादा धंदा शिकवावा, हा तिचा हेतू होता. त्या काळाच्या मानाने तो उदार होता. मात्र मुलाला 'सुधारायचे' असते आणि सुधारणा भिंतींच्या आतच होते, ही तिच्या मुळाशी असलेली समजूत पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. माहीमचे डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल ही आजही त्या सुरुवातीची खूण आहे.

मुलांसाठी वेगळा कायदा यायला विसावे शतक उजाडले. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांची प्रकरणे निराळ्या पद्धतीने हाताळण्याची शिफारस केली. त्यानंतर मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये बाल अधिनियम केले. मुंबईच्या कायद्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीच्या उमरखाडी भागातील जुन्या तुरुंगाच्या जागेत रिमांड होम सुरू झाले. या जागेचा परिणाम दूरगामी ठरला. घर हरवलेले, घरातून पळालेले, भीक मागताना पकडलेले आणि गुन्ह्याचा आरोप असलेले मूल एकाच फाटकातून आत जाई. 'डोंगरीला टाकीन' ही मुंबईच्या चाळींत खोडकर मुलांना घातली जाणारी धमकी होती. निवाऱ्याच्या जागेचे नाव धमकी म्हणून वापरले जात असेल, तर आश्रयासाठी तिथे आपणहून कोणते मूल जाणार?

पुढे मानखुर्दला मोठी बालगृहे झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्यात वस्तीकेंद्राचे काम उभे केले आणि त्यांच्याच पुढाकाराने १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था, म्हणजे पुढची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, निघाली. त्यातून प्रशिक्षित कार्यकर्ते मिळू लागले. तरीही काम मुख्यतः पकडून आणलेल्या मुलांपुरतेच राहिले.

या चौकटीला पहिला मोठा छेद १९६२ मध्ये 'स्नेहसदन'ने दिला. जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केलेल्या या संस्थेने एका मोठ्या इमारतीऐवजी वस्तीतली साधी घरे निवडली. प्रत्येक घरात सांभाळ करणारी माणसे आणि थोडी मुले. आपल्याला कोणी नावाने हाक मारते, जेवायला वाट पाहते, हे त्या मुलांना मोठ्या वसतिगृहाच्या रांगेत कळण्यासारखे नव्हते.

खरे वळण आले ते १९८० च्या दशकात. गावातला दुष्काळ, शहरातली मोडलेली संसारगाडी, बापाची दारू, शाळेतला मार, सावत्र नात्यातला जाच, कधी केवळ मुंबईचे आकर्षण अशा नाना कारणांनी निघालेली मुले व्ही.टी., दादर, कुर्ला, कल्याण या स्थानकांवर उतरत. त्यांच्याबरोबरच पदपथावर आई-वडिलांसह राहणारी मुले होती आणि दिवसभर रस्त्यावर कमावून रात्री झोपडीत परतणारीही होती. या तीन गटांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत, हे याच काळात स्पष्टपणे मांडले जाऊ लागले. पदपथावरच्या कुटुंबातील मुलाला शाळा आणि पाणी हवे असते. फलाटावरच्या एकट्या मुलाला आधी विश्वास ठेवता येईल असे एखादे माणूस हवे असते.

१९८४ मध्ये 'युवा' ही संस्था आणि १९८७ मध्ये वडाळ्याचे डॉन बॉस्को शेल्टर ही कामे सुरू झाली. १९८८ मध्ये रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी 'डोअर स्टेप स्कूल' सुरू करून शाळाच वस्तीच्या दारात नेली. त्याच वर्षी मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे' हा चित्रपट आला. त्यात रस्त्यावरच्या मुलांनीच भूमिका केल्या होत्या आणि त्या कामातूनच 'सलाम बालक ट्रस्ट' जन्माला आला.

प्रवीण आणि प्रीती पाटकर यांच्या 'प्रेरणा' संस्थेने कामाठीपुऱ्यात सुरू केलेले रात्रनिवारा केंद्रही १९८८ चेच. ते वेगळे नोंदवायला हवे, कारण त्यामागे एका साध्या वस्तुस्थितीचे नेमके आकलन होते. देहविक्रीच्या व्यवसायातील आईचे काम रात्री असते. त्या वेळी तिचे मूल खाटेखाली झोपते किंवा गल्लीत हिंडते, आणि दलालाच्या नजरेत येते तेही तेव्हाच. म्हणून पाळणाघर रात्री चालले पाहिजे. आईपासून मूल तोडायचे नाही. मात्र धोक्याच्या तासांत त्याला जेवण, अभ्यास आणि सुरक्षित झोप द्यायची. दिवसा दहा ते पाच चालणाऱ्या कोणत्याही सेवेला हे साधले नसते.

संस्थांनी स्थानकांवरच्या मुलांसाठी चालवलेल्या संपर्क केंद्रांचे कामही अशाच निरीक्षणावर बेतलेले होते. बाटल्या वेचून किंवा बूटपॉलिश करून मिळवलेले पैसे झोपेत चोरीला जातात किंवा मोठी मुले हिसकावून घेतात. त्यामुळे ते रात्र होण्याआधीच सिनेमा, जुगार किंवा नशेत उडतात. उधळेपणा हा मुलाचा स्वभाव नसून पैसे ठेवायला जागा नसल्याचा तो परिणाम असतो. म्हणून केंद्रात कपडे आणि पैसे ठेवण्याची सोय, अंघोळीचे पाणी, मलमपट्टी आणि दुपारची निर्धास्त झोप यांना महत्त्व आले. कार्यकर्ता रोज त्याच वेळी त्याच फलाटावर दिसणे ही सेवेची पहिली अट होती. स्वतःचे खरे नाव आणि गाव सांगायला मुले कित्येकदा आठवडे घेत.

याच अनुभवातून 'चाइल्डलाइन' निघाली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांना अडचणीत सापडलेली मुले रात्री-अपरात्री फोन करीत. ही गरज एका व्यक्तीच्या दूरध्वनीवर भागणारी नव्हती. १९९६ मध्ये मुंबईत १०९८ ही विनाशुल्क सेवा प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. 'दस नौ आठ' हा उतरता क्रम अक्षरओळख नसलेल्या मुलालाही लक्षात राहत असे. फोन आल्यावर कार्यकर्त्याने प्रत्यक्ष मुलापर्यंत पोहोचायचे, ही तिची खरी ताकद. पुढे ती देशभर पसरली.

कायदाही हळूहळू बदलला. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमात 'उपेक्षित' आणि 'अपचारी' असे दोन वर्ग होते, तरी चौकशीच्या काळात दोघांनाही निरीक्षणगृहातच ठेवता येई. २००० च्या कायद्याने या दोघांच्या वाटा वेगळ्या केल्या : काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले बालकल्याण समितीपुढे, तर विधिसंघर्षग्रस्त मुले बाल न्याय मंडळापुढे. मुलगा असो वा मुलगी, वयाची मर्यादा अठरा झाली. २०१५ च्या कायद्याने हीच विभागणी कायम ठेवली.

२००४ पासून 'समतोल फाउंडेशन'ने रेल्वे स्थानकांवरील पळून आलेल्या मुलांना पुन्हा घरी पोहोचवण्यावर भर दिला. लगेच गाडीत बसवून पाठवलेले मूल पुढच्या गाडीने परत येते, हे ओळखून आधी मुलांसाठी शिबिर घेण्याची आणि पालकांशी बोलण्याची पद्धत तिने बसवली. घरवापसी हे बहुतेक मुलांच्या हिताचे असते. मात्र जिथे घरातच अत्याचार झाला आहे, तिथे परत पाठवणे म्हणजे मुलाला पुन्हा अत्याचार करणाऱ्याच्याच हाती देणे होय. त्यामुळे मुलाचे म्हणणे ऐकल्याशिवाय हा निर्णय घेता येत नाही.

टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि ॲक्शनएड यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेत मुंबईच्या रस्त्यांवर ३७,०५९ मुले नोंदली गेली. त्यांतली बहुसंख्य कुटुंबासह राहत होती. फलाटावरच्या एकट्या मुलाभोवती उभी राहिलेली कल्पना त्यामुळे अपुरी ठरली. कुटुंबाला घर, शिधापत्रिका आणि काम मिळाल्याशिवाय या मुलांचा प्रश्न सुटणारा नव्हता. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना मुलाला संस्थेत न पाठवता कुटुंबातच सांभाळण्यासाठी दरमहा मदत देते. तिचे महत्त्व इथे आहे.

या सेवांच्या साखळीतला सर्वांत दुबळा दुवा अठराव्या वर्षाचा राहिला. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणाकडे ना पत्ता असतो, ना जामीन राहणारे नातेवाईक. अशा तरुणांसाठी अनुरक्षण गृहांची सोय आणि एकविसाव्या वर्षापर्यंत आधार देण्याची कायद्यातली तरतूद आहे; पण मुलींसाठी आणि कागदपत्रे नसलेल्यांसाठी ती वाट अधिकच अरुंद असते. महाराष्ट्राने एप्रिल २०१८ मध्ये अनाथांना शिक्षण व नोकरीत एक टक्का आरक्षण दिले. त्यासाठी लागणारे अनाथ प्रमाणपत्र मिळवणे हाच अनेकांपुढचा पहिला अडथळा ठरला.

२०२३ मध्ये १०९८ सेवा 'मिशन वात्सल्य'अंतर्गत शासकीय यंत्रणेकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. फोन घेण्याची आणि मुलापर्यंत पोहोचण्याची जबाबदारी आता शासनाच्या नियंत्रण कक्षावर आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षांवर आहे.