चार भिंतींतील वाफ

तंबाखूच्या प्रत्येक प्रकाराबरोबर त्याचा शिष्टाचारहि जन्मास आला. तपकीर ओढणारा गृहस्थ शेजाऱ्यापुढें डबी धरी. विडी ओढणारा तरुण वडीलमाणूस दिसतांच ती विझवून टाकी. आगगाडीच्या डब्यांत सिगारेट पेटविण्यापूर्वीं समोरच्या उतारूस 'हरकत नाहीं ना?' असें विचारण्याची रीत होती. हे संकेत कोणा सरकारनें लिहून दिले नव्हते. सहवासांतून ते घडत गेले. व्हेप, म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट, ही वस्तु मात्र इतकी नवी आहे, कीं तिच्याभोंवतीं असे संकेत रुजण्यास अवधीच मिळालेला नाहीं. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञानें २००३ सालीं ती सिद्ध केली, आणि वीस-बावीस वर्षांत ती जगभर पसरली.

या वस्तूची रचना साधी आहे. एक लहानशी बॅटरी, धातूच्या तारेचें वेटोळें, त्यास लागून कापसाची वात आणि द्रवाची कुपी. द्रवांत ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुवास आणि बहुधा निकोटीन असतें. तार तापली कीं द्रवाचें बाष्प होतें. येथें कांहींहि जळत नाहीं. म्हणून राख नाहीं, डांबर नाहीं, कार्बन मोनॉक्साइड नाहीं. पण तोंडावाटे बाहेर पडतें ती चहाच्या किटलींतील वाफहि नव्हे. तो हवेंत तरंगणाऱ्या सूक्ष्म थेंबांचा ढग असतो, आणि त्याबरोबर थोडेंसें निकोटीनहि शेजाऱ्यापर्यंत पोंचतें. सिगारेटच्या मानानें अपाय पुष्कळच कमी, असें ब्रिटनमधील आरोग्याधिकारी म्हणतात. परंतु कमी अपाय म्हणजे निरुपद्रव नव्हे, हेंहि तेच सांगतात. ज्यानें कधीं धूम्रपान केलें नाहीं त्यानें, आणि मुलांनीं तर मुळींच, या वाटेस जाऊं नये असा त्यांचा स्पष्ट उपदेश आहे.

शिष्टाचाराचा खरा प्रश्न ब्रिटनमध्येंच उद्भवला, कारण तेथें व्हेप उघडपणें विकला जातो. इंग्लंडमध्यें १ जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागीं धूम्रपानास मनाई झाली; पण तो कायदा जळत्या पदार्थापुरता होता. व्हेपमध्यें कांहीं जळत नसल्यामुळें दुकानांत तो चालूं द्यावा कीं नाहीं, हें दुकानदाराच्या मर्जीवर राहिलें. रेल्वे कंपन्यांनीं आणि लंडनच्या भुयारी गाड्यांनीं आपापल्या नियमांनीं त्यास बंदी केली. वेल्समध्यें २०१६ च्या मार्चमध्यें कांहीं सार्वजनिक जागीं व्हेपवर निर्बंध घालणारें विधेयक आलें, तें २६ विरुद्ध २६ अशा समसमान मतांनीं फसलें. नोव्हेंबर २०२४ मध्यें ब्रिटिश संसदेपुढें आलेल्या विधेयकांत कांहीं स्थळें व्हेपमुक्त ठरविण्याचे अधिकार सरकारास देण्याची तरतूद होती. तथापि कायदा कितीहि पुढें गेला, तरी प्रत्येक दाराशीं शिपाई उभा राहूं शकत नाहीं. तेथें सभ्यताच कामास येते.

कापडाच्या दुकानाचें उदाहरण घ्यावें. गिऱ्हाईक आंत येतें, दोन झुरके घेतें आणि पांच मिनिटांत निघून जातें. वास लवकर विरतो, म्हणून आपण मागें कांहींच ठेवलें नाहीं अशी त्याची समजूत असते. परंतु गल्ल्यामागें उभी असलेली मुलगी आठ तास तेथेंच असते. तिला दमा असेल, किंवा ती गरोदर असेल. तरीहि गिऱ्हाइकास 'बाहेर जा' म्हणण्याचा तिला धीर होत नाहीं, कारण नोकरीचा प्रश्न असतो. गिऱ्हाइकास बाहेरचा रस्ता मोकळा आहे, तिला नाहीं. व्हेपच्या शिष्टाचाराचें सारें सार येथें आहे: ज्याला जागा सोडून जातां येत नाहीं, त्याचा विचार आधीं करावा.

या एका तत्त्वांतून बाकीचे नियम सहज निघतात. मनाईची पाटी नाहीं म्हणजे परवानगी आहे, असें मानूं नये. दुकानाच्या चालकास विचारावें, आणि तो क्षणभर जरी घुटमळला तरी तो नकार समजावा. कपडे घालून पाहण्याच्या खोलींत किंवा लिफ्टमध्यें ढग पुढच्या माणसाची वाट पाहत राहतो, म्हणून तेथें विचारूंहि नये. प्रसाधनगृहांत लपून ओढणें हें तर दुहेरी चुकीचें. या ढगानें आगीची सूचक घंटा वाजूं शकते आणि सारी इमारत रिकामी करावी लागते. बाहेर गेल्यावरहि नेमकें दाराच्या तोंडाशीं उभें राहूं नये. बाबागाडींतील मूल त्याच हवेंतून आंत जातें. संपलेलें यंत्र कचऱ्याच्या टोपलींत टाकूं नये, कारण त्यांतील लिथियमची बॅटरी चेपली गेल्यास पेट घेते. ब्रिटनमध्यें १ जून २०२५ पासून एकदां वापरून टाकण्याच्या व्हेपची विक्रीच बंद झाली आहे, आणि व्हेप विकणाऱ्या दुकानावर जुनीं यंत्रें परत घेण्याची जबाबदारी आहे.

शिष्टाचार एकतर्फी मात्र नसावा. व्हेप ओढणारांपैकीं पुष्कळजण वर्षानुवर्षांची सिगारेट सोडण्याच्या खटपटींत असतात. इंग्लंडच्या सरकारनेंच एप्रिल २०२३ मध्यें दहा लक्ष धूम्रपींना त्यासाठीं व्हेप पुरविण्याची योजना जाहीर केली. अशा माणसास चारचौघांत हिडिसफिडिस करून सिगारेट ओढणारांच्या घोळक्यांत हांकलणें, म्हणजे त्यास पुन्हां जुन्या व्यसनाकडे ढकलणें होय. दुकानदारानें दारावर स्पष्ट पाटी लावावी, मनाई करतांना आवाज चढवूं नये, आणि जमल्यास वेगळी मोकळी जागा दाखवावी.

लंडनहून मुंबईस किंवा पुण्यास येणाऱ्या आप्तांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. भारतांत २०१९ च्या कायद्यानें अशा यंत्रांचें उत्पादन, आयात, विक्री, सांठवण आणि जाहिरात यांस बंदी आहे. आयात-विक्रीच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. म्हणून भाच्यासाठीं हौसेनें आणलेली ही भेट त्यास आणि स्वतःसहि अडचणींत टाकील. येथें विचारून ओढण्याचा प्रश्नच उरत नाहीं; तें यंत्र घरून निघतांनाच मागें ठेवावें.

जेथें तें चालतें, तेथें मात्र आगगाडींतील जुना प्रश्नच पुरेसा आहे: 'हरकत नाहीं ना?' फक्त तो विचारल्यावर उत्तर ऐकण्यापुरतें थांबावें. आणि ज्याला 'हरकत आहे' असें म्हणण्याची सोय नाहीं, त्याच्या बाजूनें तें उत्तर स्वतःच देऊन बाहेर पडावें.