तुटलेला टीव्ही गेम भंगारात देऊ नका : जुन्या प्लास्टिकची दुरुस्ती



आजचा विषय पाठ्यपुस्तकात थेट सापडणार नाही. पण पदार्थांचे गुणधर्म, तरंगणे-बुडणे आणि द्रावण हे तिन्ही धडे त्यात आपोआप येतात.

मागच्या महिन्यात चौथीतला एक मुलगा पिशवीत जुना टीव्ही गेम घेऊन आला. "मॅडम, पप्पांचा आहे, लहानपणीचा. आत काहीतरी खडखडतंय. आजी म्हणते भंगारात दे." हलवून बघितला, तर खरंच आत तुकडे वाजत होते.

मला एकदम माझ्या दादाचा गेम आठवला. मी साधारण याच वयाची असताना तो माझ्या हातून पडला आणि आतला स्क्रूचा खांब तुटला. दादाला कळायच्या आत मी त्यात झटपट चिकटणारा गोंद ओतला आणि वरून स्क्रू पिळला. स्क्रू कायमचा चिकटून बसला. पुढे आतली एक वायर सुटली, पण ती जोडायला डबा उघडेचना. गेम गेला तो गेलाच. तो पडल्यामुळे बिघडला नव्हता, माझ्या चुकीच्या दुरुस्तीने बिघडला होता. म्हणून हा लेख.

हे गेम आले कुठून?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचा गेम काढला. अमेरिकेत तोच वेगळ्या डब्यात, 'एनईएस' नावाने १९८५ मध्ये आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे टीव्ही गेम होते, त्यातले बरेचसे या फॅमिकॉमच्या नकला होत्या. आपण त्याच्या कार्ट्रिजला 'कॅसेट' म्हणायचो, आठवतंय ना पालकहो? आता या गेमचे सुटे भाग दुकानात सहज मिळत नाहीत. त्यामुळे जो भाग तुटला, तोच नीट जोडावा लागतो.

प्लास्टिक ठिसूळ का होतं?

अशा गेमचं कव्हर बहुधा एबीएस नावाच्या प्लास्टिकचं असतं. अॅक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन या तीन घटकांची ही आद्याक्षरं. यातलं ब्युटाडाइन रबरासारखं काम करतं. त्याच्यामुळे डबा पडला तरी लगेच फुटत नाही. पण ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांचा वर्षानुवर्षं मारा झाला की हाच रबरी भाग खराब होतो. प्लास्टिक पिवळं पडतं आणि कडक होतं.

काही जण हायड्रोजन पेरॉक्साइड लावून आणि उन्हात ठेवून हा पिवळेपणा घालवतात. लक्षात ठेवा, त्याने रंग उजळतो, गेलेली ताकद परत येत नाही.

सगळ्यात आधी तुटतो तो स्क्रूचा खांब, म्हणजे कव्हरच्या आतली ती पोकळ नळी जिच्यात स्क्रू बसतो. सगळा ताण तिच्यावरच येतो.

आधी प्लास्टिक ओळखा

डॉक्टर आधी तपासतात, मग औषध देतात. इथेही तसंच करायचं.

१. कव्हरच्या आतल्या बाजूला बघा. काही भागांवर ABS किंवा PP अशी अक्षरं कोरलेली असतात.

२. सुटा तुकडा पाण्यात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. पॉलिथीन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलकी असतात, ती तरंगतात. एबीएस बुडतं. (ही चाचणी फक्त सुट्या तुकड्याची. गेम पाण्यात बुडवायचा नाही!)

३. कानकोरणीच्या कापसावर अगदी थोडं अॅसिटोन घेऊन आतल्या, न दिसणाऱ्या जागी टेकवा. जागा चिकट झाली तर ते एबीएस किंवा पॉलिस्टायरीन आहे.

तरंगणाऱ्या प्लास्टिकला साधा कोणताच गोंद नीट धरत नाही. म्हणून ही तपासणी टाळायची नाही.

कोणता गोंद कशासाठी?

*झटपट गोंद (फेविक्विकसारखा):* पटकन धरतो, पण वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. ओढलं तर टिकतो, आपटलं तर सुटतो. शिवाय त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरे डाग पडतात. बारीक चिरेला ठीक, एकट्याच्या भरवशावर स्क्रूचा खांब मात्र सोडू नका.

*दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी (अराल्डाइट, एम-सील):* हा मजबूत असतो आणि पोकळी भरून काढतो. मात्र प्लास्टिक गुळगुळीत असेल तर निसटतो, म्हणून आधी पॉलिश पेपरने जागा खरबरीत करून घ्या.

*अॅसिटोन:* हा गोंद नाहीच, हा द्रावक आहे. साखर पाण्यात विरघळते तसं एबीएस अॅसिटोनमध्ये विरघळतं. दोन्ही तुटक्या कडा थोड्या विरघळवून एकमेकींना दाबल्या की त्यांचे रेणू एकमेकांत मिसळतात. अॅसिटोन उडून जातं आणि दोन तुकड्यांचा एकच तुकडा उरतो. चिकटवणं आणि एकजीव करणं यातला फरक तो हाच.

खांब जोडण्याची कृती

(अॅसिटोन लवकर पेट घेतं. काम मोठ्यांनीच करावं, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, गॅस किंवा उदबत्ती जवळ नको. मुलांनी बघावं आणि तुकडे शोधून द्यावेत.)

१. गेमचा अॅडाप्टर काढून ठेवा. स्क्रू काढून डबा उघडा. आतलं सर्किट बाहेर काढून बाजूला ठेवा.

२. खडखडणारे सगळे तुकडे, अगदी तांदळाएवढेही, एका वाटीत गोळा करा. एकही फेकू नका.

३. गोंद न लावता तुकडे जुळवून बघा. कोणता आधी, कोणता नंतर हे इथेच ठरवा.

४. तुटलेल्या कडा साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरड्या करा.

५. बारीक ब्रशने दोन्ही कडांना अॅसिटोन लावा. काही सेकंदांनी कडा मऊ झाल्या की जुळवून दाबा. रबर बँड लावून एक दिवस ठेवा. नळीच्या आत स्क्रू ठेवू नका. माझी चूक आठवा!

६. एखादा तुकडा हरवला असेल तर जुन्या कीबोर्डच्या कव्हरसारखं टाकाऊ एबीएस बारीक कापून काचेच्या बाटलीत अॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. काकवीसारखं घट्ट झालं की त्या लगद्याने खड्डा भरा. एकदम जाड थर दिला तर वाळताना आकसतो. पातळ थर द्या, वाळू द्या, मग दुसरा.

७. शेवटी बाहेरून आधार द्या. खांबाभोवती पॉलिस्टर दोऱ्याचे घट्ट वेढे घालून त्यावर इपॉक्सी लावा. काठीला चीर पडली की आपण सुतळी गुंडाळतो, तसंच. झटपट गोंद वापरणार असाल तर सुती दोरा अजिबात नको. कापूस आणि तो गोंद एकत्र आले की खूप उष्णता निर्माण होते, बोट भाजू शकतं.

८. दोन दिवस थांबा. घाई करू नका.

अॅसिटोन डब्याच्या बाहेरच्या बाजूला, छापील अक्षरांवर किंवा पारदर्शक भागावर सांडू देऊ नका. तिथला डाग परत निघत नाही. बटणासारख्या हलणाऱ्या भागांजवळही कोणताच गोंद नेऊ नका.

पुन्हा तुटू नये म्हणून

स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा. 'टक' असा हलका आवाज येतो आणि स्क्रू किंचित खाली बसतो. म्हणजे तो जुन्याच आट्यांत बसला. आता सुलटा फिरवा आणि फक्त दोन बोटांच्या जोराने आवळा. सरळच दाबून पिळलं तर स्क्रू नवीन आटे पाडतो, आणि ठिसूळ नळी ते सहन करत नाही.

निन्टेन्डोच्या बऱ्याच मूळ कॅसेटना वेगळ्या डोक्याचे स्क्रू असतात. त्यासाठी ३.८ मिमीचं खास बिट मिळतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर कडा तुटणारच.

आणि जो भाग पूर्ण गेलाय, त्याचं काय? काही शाळांतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये थ्री-डी प्रिंटर असतो. तिथे छोटा भाग तयार करता येतो. मात्र पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, हे ध्यानात ठेवून भाग कुठे बसवायचा ते ठरवा.

त्या मुलाच्या गेमचं काय झालं? आत सात तुकडे निघाले. एक सापडलाच नाही, तो लगद्याने भरला. चार दिवसांनी त्याचे पप्पा स्वतः शाळेत आले आणि डबा त्यांनीच बंद केला, स्क्रू आधी उलटा फिरवून. 'टक' आवाज आला तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. गेम चालू झाल्यावर नाही, त्या आवाजाला!

स्वाध्याय

१. एबीएस पाण्यात बुडतं आणि पॉलिप्रोपिलीन तरंगतं. असं का?
२. चिकटवणे आणि एकजीव करणे यातला फरक घरातल्या एका उदाहरणाने सांगा.
३. घरातल्या पाच प्लास्टिकच्या वस्तूंवरची अक्षरं शोधून वहीत तक्ता करा.
४. घरातली एखादी तुटलेली वस्तू घ्या. ती का तुटली असेल, ते आधी पाच ओळींत लिहा. मग दुरुस्तीचं बोला.