परसातला सुगंध, बाटलीतला अर्क

आमच्या मयेत हुर्राकाची भट्टी पाहिलेल्यांना सुगंधी तेल कसे निघते हे वेगळे सांगायला नको. गवती चहाच्या पातीतून वाफ सोडून ती थंड केली की पाण्यावर तेल तरंगते. 100 किलो ओल्या पातीला मिळते जेमतेम पाव ते अर्धा किलो! घरी आपण खोबरेलात जास्वंद, माका कढवतो ते निराळे. ते केसांना खुशाल चोळावे. बाटलीतले तेल मात्र थेंबानेच, तेही खोबरेलात मिसळून.

मला धास्ती तान्ह्यांची वाटते. सर्दी झाली की बाळाच्या नाकाखाली कापूर, निलगिरी लावणाऱ्या आज्या अजून आहेत. त्याने बाळाचा श्वास अडू शकतो. कापूर पोटात गेल्यास झटकेही येतात. बाटली फडताळात उंच ठेवा.