सामरिक अध्ययन : बंगळुरूचे वेगळेपण

संरक्षण हे अर्थशास्त्रात ‘सार्वजनिक वस्तू’चे नमुनेदार उदाहरण मानले जाते. एका नागरिकाला त्याचा लाभ मिळाल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही आणि कोणालाही त्यातून वगळता येत नाही. त्यामुळे त्याचे मूल्य बाजारपेठ ठरवू शकत नाही. केंद्रीय अर्थसंकल्पात २०२५-२६ साठी संरक्षण मंत्रालयाकरिता सुमारे ६.८१ लाख कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. हा खर्च कोणत्या धोक्यासाठी व कोणत्या साधनांवर करावा, हे ठरविण्यासाठी शास्त्रशुद्ध अभ्यासाचाच आधार घ्यावा लागतो. सामरिक अध्ययन संस्थांचे प्रयोजन यातच आहे.

पार्श्वभूमी

१९६२ च्या चीन युद्धानंतर या अभ्यासाची निकड तीव्रतेने जाणवली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना नोव्हेंबर १९६५ मध्ये नवी दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. के. सुब्रह्मण्यम यांच्या संचालकपदाच्या काळात तिने भारतीय सामरिक विचाराला दिशा दिली. २०२० मध्ये तिला मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. दिल्लीतील हा अभ्यास स्वाभाविकपणे परराष्ट्र धोरण, मुत्सद्देगिरी व प्रशासन यांच्या सान्निध्यात वाढला.

विज्ञानाच्या शेजारी सुरक्षा अभ्यास

बंगळुरूची परिस्थिती निराळी होती. भारतीय विज्ञान संस्था, हिंदुस्तान एरोनॉटिक्स, इस्रोचे मुख्यालय आणि संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा या एकाच शहरात आहेत. जे. आर. डी. टाटा यांच्या कल्पनेतून १९८८ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरात राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था (नियास) उभी राहिली. अणुशास्त्रज्ञ डॉ. राजा रामण्णा हे तिचे संस्थापक संचालक. निसर्गविज्ञाने, सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या यांच्या बरोबरीने संघर्ष व सुरक्षा अध्ययनाचा विभाग येथे आहे. संशोधनासोबत पीएच.डी.चे मार्गदर्शनही केले जाते.

या संस्थेच्या कार्यपद्धतीचे एक उदाहरण उद्बोधक ठरेल. चीनच्या जहाजविरोधी बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचा अभ्यास तिने २०११ मध्ये प्रसिद्ध केला. चालत्या जहाजावर दूरवरून मारा करावयाचा, तर क्षेपणास्त्र पुरेसे नाही. जहाजाचा ठावठिकाणा सतत कळला पाहिजे. जहाजाच्या रडार व संदेश यंत्रणेतून निघणाऱ्या लहरी एकत्र फिरणारे उपग्रह टिपतात आणि त्यावरून त्याचे स्थान ठरविता येते. चीनच्या ‘याओगान’ उपग्रहांच्या कक्षांचे गणित मांडून नियासच्या अभ्यासकांनी या उपग्रहांची भूमिका स्पष्ट केली. गुप्त कागदपत्रांवाचून, उघड माहिती व अभियांत्रिकीचे ज्ञान यांच्या बळावर किती दूर जाता येते, हे यावरून दिसते.

२००९ मध्ये स्थापन झालेली तक्षशिला ही बिगरसरकारी संस्थाही याच शहरात आहे. सार्वजनिक धोरणाचे पदव्युत्तर स्तरावरील अध्यापन आणि चीन, अवकाश, उच्च तंत्रज्ञान यांविषयीचे संशोधन ती करते.

माहितीची मर्यादा

तथापि, उघड माहितीतून शेजारी देशाच्या क्षेपणास्त्रांचा वेध घेता आला, तरी स्वतःच्या निर्णयप्रक्रियेचा अभ्यास अभिलेखांवाचून होत नाही. कारगिल आढावा समितीचा अहवाल काही भाग वगळून २००० मध्ये संसदेत मांडला गेला. त्यातून गुप्तवार्ता व संरक्षण व्यवस्थापनातील उणिवांवर खुली चर्चा झाली आणि सुधारणांना चालना मिळाली. याउलट, १९६२ च्या युद्धासंबंधीचा १९६३ चा हेंडरसन-ब्रुक्स अहवाल शासनाने अधिकृतरीत्या प्रकाशित केलेला नाही. संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार युद्धविषयक अभिलेख सर्वसाधारणपणे २५ वर्षांत खुले करावयाचे आहेत. जुन्या युद्धांबाबत मात्र प्रकरणपरत्वे निर्णय घ्यावयाचा आहे. गोपनीयता आवश्यक असली, तरी तिचीही किंमत असते. चुकांपासून धडा घेण्याची संधी गमावणे, ही ती किंमत होय.

समारोप

संस्थेची इमारत व निधी यांइतकेच तंत्रज्ञान, अर्थकारण आणि इतिहास एकत्र वाचू शकणारे अभ्यासक महत्त्वाचे असतात. बंगळुरूने विज्ञान आणि धोरण यांना एका परिसरात आणले. अभिलेखांची दारे वेळेवर उघडली, तर त्या अभ्यासाला पूर्णत्व येईल आणि संरक्षणावर खर्च होणाऱ्या प्रत्येक रुपयाचा हिशेब अधिक डोळसपणे मांडता येईल.