कुर्डुवाडीची दोन मापे

कुर्डुवाडीस एके काळी दोन लोहमार्ग शेजारी येऊन थांबत; परंतु एकावरचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप याच्या १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट, तर मुंबई-मद्रास मार्गाचे साडेपाच. म्हणून पोती हमालांच्या पाठीवरून एका गाडीतून दुसरीत जात.

संगणकाच्या दुनियेत अशीच हमाली लिनक्स वापरणाऱ्यांच्या वाट्याला आली. २०१० च्या सुमारास मोबाइल कंपन्या इंटरनेटसाठी डोंगल विकू लागल्या. जुन्या संगणकावर लिनक्स चालवून काटकसर करणारा विद्यार्थी ते घेऊन घरी येई, आणि त्याच्या पडद्यावर मोडेमऐवजी सीडी दिसे! उपकरणाच्या पोटात विंडोजसाठीचा प्रोग्राम भरलेला असे. तो चालवून इशारा मिळेपर्यंत मोडेम आपले खरे रूप प्रकट करीत नसे. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले: ‘विंडोज टाका.’ परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही.

ही कोंडी उत्पादकांनी फोडली नाही. विंडोजकडून उपकरणाला नेमका कोणता इशारा जातो, हे वापरणाऱ्यांनीच चिकाटीने टिपून घेतले. जोसुआ डीट्झे याच्या ‘यूएसबी मोडस्विच’ या प्रोग्रामात असे शेकडो उपकरणांचे इशारे साठत गेले. एकदा रूप पालटले की पुढचे काम सोपे असे. कारण मोडेमला द्यावयाच्या आज्ञा हेज कंपनीच्या १९८१ च्या मोडेमपासून चालत आलेल्या, सर्वांना ठाऊक असलेल्या. भाषा खुली होती. कुलूप दारालाच होते.

पैसे मोजून घेतलेल्या वस्तूशी बोलण्याची रीत ग्राहकापासून दडवावी, हा कसला व्यापार? चोरीची भीती म्हणावी, तर सेवेची वर्गणी सिमकार्डावर ठरते, संगणकाच्या प्रणालीवर नव्हे. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, ते स्वागतार्हच. पण प्रणाली मुक्त आणि तिला जोडावयाचे यंत्र मुके, असे झाल्यास शाळेच्या कपाटात ते धूळ खात पडते. सरकारी निविदेत ‘हे उपकरण लिनक्सवर चालवून दाखवावे’ एवढे एक वाक्य घालावयास खर्च येत नाही. उत्पादकाने ते चालवून दाखविले नाही, तर त्याचे देयक रोखावे.