तीन दिवस नुसत्या ज्यूसवर राहायचंय? आधी पुरावा वाचूया

मागच्या महिन्यात गारगोटीला घरी गेले होते. अभ्यासिकेत पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरनं विचारलं, "ताई, तीन दिवस नुसतं ज्यूसवर राहिलं तर चालतंय काय? बॉडी डिटॉक्स होते म्हणं. डोकं पण हलकं राहतंय."

प्रश्न रास्तच होता. दिवसभर एका जागी बसून वाचायचं, वेळी-अवेळी चहा आणि वडापाव, मग पोट जड. मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आपण संशोधन करायला निघालोय, तर आधी पुरावा बघू, एवढंच म्हटलं. तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतेय.

दावा काय आणि पुरावा काय?

पहिला प्रश्न शब्दाचाच. "डिटॉक्स" म्हणजे कोणतं विष, ते शरीरात किती होतं आणि ज्यूसनंतर किती उरलं? मोजता येईल अशी व्याख्या नसेल तर दावा तपासताच येत नाही. शरीरातली नको ती द्रव्यं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंड रोज करतातच. 2015 मध्ये 'जर्नल ऑफ ह्यूमन न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स'मध्ये डिटॉक्स आहारांवरचा एक आढावा लेख आला. बाजारातल्या डिटॉक्स आहारांची रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल लेखकांना एकही सापडली नाही.

आता दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचा. 2017 मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या अभ्यासात 20 निरोगी माणसं तीन दिवस फक्त ज्यूसवर होती. चौथ्या दिवशी वजन कमी झालेलं दिसलं आणि आतड्यातल्या जिवाणूंचं प्रमाणही बदललं. वाचायला छान वाटतं. पण तुलनेसाठी कंट्रोल ग्रुप नव्हता. मग बदल ज्यूसमुळे झाला की नुसतं कमी खाल्ल्यामुळे, हे कसं सांगणार?

2025 मध्ये 'न्यूट्रिएंट्स'मध्ये आलेल्या अभ्यासात तीन गट होते: फक्त ज्यूस, ज्यूस आणि जेवण, आणि फक्त वनस्पतिजन्य जेवण. फक्त ज्यूसवाल्या गटात सूजेशी संबंध असलेले जिवाणू वाढलेले दिसले. चोथा गाळून टाकला की तंतू जातात आणि साखर राहते, हे त्यामागचं संभाव्य कारण. पण लगेच "ज्यूस वाईट" असंही लिहू नका, कारण तिन्ही गट मिळून माणसं होती फक्त 14.

वजनाचं काय? यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कमी खाल्लं की हा साठा वापरला जातो आणि पाणीही जातं. काट्यावर दिसणारी घट बरीचशी ही असते. जेवायला लागलात की ती परत येते.

अपायाचा पुरावा वेगळा वाचायचा

फायदा सिद्ध करायला ट्रायल लागते. गंभीर धोक्याची सूचना मात्र काही मोजक्या केसेसवरूनही घ्यावी लागते, कारण माणसांना मुद्दाम विष देऊन ट्रायल करता येत नाही. आपल्याकडचं उदाहरण दुधीच्या रसाचं.

2010 मध्ये दिल्लीत दुधी आणि कारल्याचा एकत्र रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरनं तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिचे निष्कर्ष 2012 मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये छापून आले. कडू दुधीत कुकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. त्यांनी उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब एकदम कोसळू शकतो. त्यावर उतारा म्हणून औषध नाही, लक्षणं बघून उपचार करावे लागतात. कारल्यात मिसळला की दुधीचा कडूपणा कळतच नाही. जून 2018 मध्ये पुण्यातही दुधीचा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाला.

समितीनं सांगितलेली काळजी साधी आहे. रस काढण्याआधी दुधीची छोटी फोड चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्या. दुधीचा रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. प्यायल्यावर मळमळ किंवा उलटी झाली तर "बघू थोडा वेळ" न म्हणता थेट दवाखाना गाठा. दुधी परसातला असला तरी फोड चाखायचीच.

पालकाचंही असंच. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं. रोज ग्रीन ज्यूस पिऊन मूत्रपिंड निकामी झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्या आहेत.

तरी करायचंच असेल तर

आधी, कुणी करू नये ते बघा. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, अंगावर दूध पाजणं, मुळातच कमी वजन, खाण्याशी संबंधित मानसिक आजार, वय 18 च्या आत, यातलं काहीही असेल तर नाहीच. बीपीच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. निसर्गोपचारातही रसाहार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात. 1946 मध्ये गांधीजींनी सुरू केलेलं उरुळी कांचनचं केंद्र ही त्याच परंपरेतली जागा.

निरोगी असाल तर एक दिवस पुरे. परीक्षा, प्रवास किंवा शेतातल्या कामाचा दिवस टाळा. दोन-तीन दिवस आधीपासून चहा हळूहळू कमी करा. एकदम तोडला की डोकं दुखतं आणि आपण म्हणतो "विष बाहेर पडतंय"! तळलेलं कमी करा, रात्रीचं जेवण हलकं ठेवा.

त्या दिवशी भाज्या-फळं धुऊन घ्या, रस ताजा काढा, शक्यतो गाळू नका. फळं कमी, काकडी-गाजर-टोमॅटो जास्त. उसाच्या रसावर दिवस काढू नका. कोल्हापूरकरांना हे जड जाईल, पण डब्ल्यूएचओच्या हिशेबात रसातली साखर ही "मुक्त साखर" आणि दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. उसाचा एक मोठा ग्लासच ते ओलांडतो. रसात प्रथिनं जवळपास नसतात, म्हणून ताक घ्या. पाणी पीत राहा. जुलाबाची औषधं, एनिमा, व्यायाम यातलं काही नको. चक्कर, धडधड, हातपाय थरथरणं, गोंधळल्यासारखं होणं, असं काही वाटलं तर तिथंच थांबा आणि खाऊन घ्या. त्यानंतरही बरं वाटलं नाही तर डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी पेज, मऊ भात, मुगाचं वरण. तांबडा-पांढरा दोन दिवसांनी.

आमच्या ज्युनिअरनं शेवटी काय केलं? तीन दिवसांचा बेत सोडला. संध्याकाळचा वडापाव बंद करून ती डब्यात काकडी, गाजर आणि ताक आणायला लागली. "ह्याला डिटॉक्स म्हणायचं काय?" असं विचारत होती. मी म्हटलं, नाव काहीही दे, पण तुझ्या संशोधन आराखड्यात शब्द वापरशील तेव्हा आधी त्याची व्याख्या लिही.

तुम्हीही पुढचा "ज्यूसचे फायदे" वाला व्हिडिओ बघाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: काय मोजलं, कुणाशी तुलना केली, माणसं किती होती? आणि मिक्सर लावण्याआधी दुधीची फोड चाखा.