परमुलखाचे नाणे आणि घरचा बट्टा

हिरकणीवाडीचे नाव घेतले की आपल्याला गवळण आठवते. गडाचे दरवाजे मिटल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने ती कडा उतरली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तिची थोरवी सांगण्याचा आजचा विषय नाही. आम्हांस मात्र त्या कथेतला एक रोकडा प्रश्न नेहमी खुणावतो. गडावर दूध घालून हिरकणीच्या पदरात जे नाणे पडले असेल, ते कोणते? आणि ते खाली वाडीत तेवढ्याच किमतीला चालले असेल काय?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. त्या काळी ह्या मुलखात एक नाणे नव्हते. महाराजांचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई होती; त्यांच्या जोडीला मोगलांचा रुपया होता, दक्षिणेकडचे नाना तऱ्हेचे होन होते, आणि कोकणातल्या बंदरांत वाकवलेल्या चांदीच्या तारेच्या लारीही फिरत. सभासद बखरीत खजिन्यातील नाण्यांची जी यादी आहे, तीत नुसत्या होनांचेच कितीतरी प्रकार नावानिशी दिले आहेत. म्हणून प्रत्येक पेठेत सराफ बसे. तो नाणे कसोटीवर घाशी, काट्यावर तोली, आणि कमी भरले की बट्टा कापून घेई. नावाला बट्टा लागणे हा आपला वाक्प्रचार त्याच दुकानातून आला आहे.

१६७४ च्या मे महिन्यात मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर ह्याने हेन्री ऑक्झेंडन नावाचा वकील रायगडी धाडला. महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेले होते म्हणून त्यास काही दिवस पाचाडास थांबावे लागले. पुढे ६ जूनचा राज्याभिषेक त्याने डोळ्यांनी पाहिला आणि त्याची हकीगत लिहून ठेवली. परंतु तो सोहळा पाहायला आला नव्हता. आला होता व्यापाराचा तह करायला. इंग्रजांच्या मागण्यांत एक कलम असे होते की, त्यांची नाणी महाराजांच्या राज्यात चालावीत. बहुतेक कलमे मान्य झाली, परंतु ह्या कलमावर दरबारचे उत्तर मोठे मार्मिक होते. त्याचा आशय असा: कोणाचेही नाणे चालू नये अशी आमची मनाई नाही, पण ज्या नाण्यात रयतेचे नुकसान होईल ते घ्याच, अशी जबरदस्तीही आम्ही करणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतके कसदार आणि वजनदार असेल, तर ते आपोआप चालेल.

परकीय चलनाविषयी आम्हांस जे सांगायचे आहे त्याचे बीज ह्या उत्तरात आहे. नाण्यावर छाप कोणाचा, हे सराफाने सांगावे. ते घेऊन आपल्या हाती खरे किती आले, हे ज्याचे त्याने तोलून पाहावे.

आता परदेशी जाणे ही काही साहेबलोकांची मिरास राहिली नाही. आपल्या रायगड-रत्नागिरीच्या गावांतून आखातात नोकरीला गेलेली माणसे आहेत, त्यांच्याकडे जाऊन येणारे आईबाप आहेत, हजला जाणारे आहेत, सिंगापूर-बँकॉकची सहल करणारे आहेत. ह्यांतला प्रत्येक जण रुपये देतो आणि डॉलर, दिरहम किंवा रियाल घेतो. आणि पुष्कळसे लोक ह्या व्यवहारात शंभरामागे चार-पाच रुपये सोडून येतात, ते त्यांस कळतही नाही. गावच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारा माणूस विमानतळावरच्या काचेच्या खिडकीपुढे एकदम उदार होतो, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

ह्यात दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. एक हुंडणावळ, म्हणजे रुपयाचा परकीय चलनाशी असलेला बाजारदर. आणि दुसरा बट्टा, म्हणजे त्या दरावर मधला माणूस कापून घेतो ते. हुंडणावळ आपल्या हातात नाही. १९९३ पासून तर ती बाजारातच ठरते. ती काय असावी ह्यावर थोरांचे वाद झाले आहेत. ज्या डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, त्यांनी त्याआधी चार वर्षे, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि पुढे सरकारी चलन आयोगापुढे साक्षही दिली होती. रुपयाची किंमत परदेशी नाण्याशी स्थिर आहे की नाही एवढेच न पाहता देशात त्याने किती माल मिळतो तेही पाहा, असा त्यांचा आग्रह होता. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. प्रवाशाने एवढेच जाणावे की, पुढल्या महिन्यात डॉलर उतरेल म्हणून वाट पाहत बसणे हा सट्टा आहे. बट्टा मात्र आपल्या हातातला आहे.

तो मोजायचा कसा? हिशेबाला सोपे जावे म्हणून डॉलरचा मधला दर ८० रुपये धरू. हा मधला दर आता कोणालाही पाहता येतो. २०१८ पासून एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी संदर्भदर जाहीर करते. आता तीन दुकाने घ्या. पहिला म्हणतो, ‘कमिशन नाही’, आणि डॉलर देतो ८३ ला. दुसरा देतो ८१ रुपये २० पैशांना, पण वर ३०० रुपये आकार घेतो. तिसरा विमानतळावरचा; त्याचा दर ह्या दोघांहून चढा असणार, कारण त्याचे भाडे मोठे आणि त्याचे गिऱ्हाईक अडलेले. हजार डॉलर घ्यायचे असतील तर पहिल्याकडे ८३,००० रुपये पडतील, दुसऱ्याकडे आकारासह ८१,५००. दीड हजारांचा फरक, आणि तोही ‘कमिशन नाही’ ह्या पाटीखाली! पण शंभरच डॉलर हवे असतील तर गणित उलटते: पहिल्याकडे ८,३०० आणि दुसऱ्याकडे ८,४२०. म्हणून ‘दर काय?’ असे विचारू नये. ‘सगळे धरून मला इतके डॉलर हवेत, तर मी किती रुपये द्यायचे?’ असे विचारावे, आणि दोन-तीन ठिकाणी विचारावे. वस्तु व सेवा कर सगळीकडे आहेच. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का, निदान २५० रुपये, सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर लागतो. म्हणजे लाखाला १८० रुपये. ‘कर फार बसतो हो’ असे सांगून कोणी हजार मागू लागला, तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

आखाताकडे जाणाऱ्यांस एक सोपी किल्ली आहे. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे, आणि सौदी रियाल १९८६ पासून ३.७५ असा. म्हणून डॉलरचा रुपयांतला दर ठाऊक असला की भागाकार केला, झाले. डॉलर ८० धरला तर दिरहम २१ रुपये ७८ पैसे होतो. कोणी २२ रुपये ६० पैसे मागितले, तर तो शंभराला पावणेचार रुपये बट्टा घेत आहे. तिकडून पगार घरी धाडणाऱ्या मुलानेही हाच भागाकार करावा. त्याचा बट्टा एकदाच नव्हे, दरमहा कापला जातो, आणि वर्षाअखेर तो घरातल्या कोणाच्या तरी शिक्षणाएवढा भरतो.

जाता जाता सांगावेसे वाटते की, एके काळी आखातात हा प्रश्नच नव्हता. तिथल्या कित्येक बंदरांत आपलाच रुपया चाले. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या. १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहारीनने आपले दिनार आणले. मग ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. दुबई-कतारनेही मग रुपयाचा नाद सोडला. ६ जून ही तिथी राज्याभिषेकाची, हा निव्वळ योगायोग. पण रयतेला तोट्याचे नाणे घ्यायला लावता येत नाही, हे दरबारचे उत्तर आखाती व्यापाऱ्यांनी २९२ वर्षांनी न वाचताच अमलात आणले.

रोख नोटा किती न्याव्यात ह्याचे नियम आहेत. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच नोटा मिळतात. बाकीचे पैसे कार्डावर न्यावेत. त्या घेताना रुपये रोखीने ५०,००० पर्यंतच देता येतात. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्याकडेच व्यवहार करावा आणि पावती घ्यावी. गल्लीतला ‘आपला माणूस’ दर चांगला देईलही, पण खोटी नोट निघाली तर तो आपला राहत नाही.

साध्या बँक-कार्डाने तिकडे खरेदी केली तर अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार घेतात, त्यावर पुन्हा १८ टक्के कर. म्हणजे शंभराला ४ रुपये १३ पैसे. त्यापेक्षा त्याच देशाच्या चलनात आधी भरून घेतलेले प्रवासी कार्ड बरे पडते. मात्र डॉलर भरलेले कार्ड बँकॉकात बाथसाठी वापरले की पुन्हा बट्टा आला. यंत्रातून रोख काढताना दर वेळी ठरीव आकार पडतो, म्हणून पन्नास-पन्नास काढू नयेत. आणि एक गोड सापळा: तिकडचा दुकानदार यंत्र पुढे करून विचारतो, ‘रुपयांत देता की आमच्या चलनात?’ परमुलखात रुपया दिसला की जीव हरखतो. तिथे रुपयाला हात लावू नये. तो दर त्याच्या बाजूचा असतो, आणि कित्येकदा आपली बँक वर आपला आकार लावतेच. नेहमी तिथल्या चलनावर बोट ठेवावे.

परतल्यावर उरलेल्या नोटा १८० दिवसांत विकाव्या लागतात. पुढल्या खेपेसाठी २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात. विकताना पुन्हा बट्टा जातो, तेव्हा लवकरच जायचे असेल तर ठेवलेल्या बऱ्या. नाणी कितीही ठेवण्यास मनाई नाही, पण ती इथला सराफ सहसा घेत नाही. तिकडच्या विमानतळावर चहा घेऊन ती संपवावीत, किंवा नातवंडांस खेळायला आणावीत.